तिरफळाच्या शोधांत

मनुष्याच्या आवडीनिवडींचा इतिहास कोणी लिहावयास घेतला तर त्यांत पक्वान्नांना दुय्यम स्थान द्यावें अशी आमची सूचना आहे. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी हे सणावारीं येऊन जाणारे पाहुणे होत. त्यांचें स्वागत थाटानें होतें हें खरें. पण जिभेवर रोजचें राज्य चालतें तें पानाच्या डाव्या बाजूचें. मिठाची चिमूट, लिंबाची फोड, लोणच्याचा खार, आमसुलाचा आंबटपणा, हिंगाचा वास, यांचें वजन गुंजांत मोजावें. परंतु यांतील एखादें नाहीसें झालें तर सबंध जेवण परक्या घरचें वाटूं लागतें. परदेशीं गेलेला मुलगा आईकडे पुरणपोळी मागत नाहीं, मेतकुटाची पुडी मागतो.

आमच्या कोंकणांत या चिमूटभर मंडळींपैकीं एकाचें नांव तिरफळ. यालाच कोणी चिरफळ म्हणतात, गोव्यांत तेफळ म्हणतात, आणि कारवारच्या खालीं कानडी मुलखांत याचें नांव जुम्मनकायी असें आहे. जुम् म्हणजे झिणझिणी. तेव्हां कानडी माणसानें फळाचें नांव न ठेवतां अनुभवाचें नांव ठेवलें म्हणावयाचें. देशावरील वाचकांकरितां सांगतों कीं, मिऱ्याहून किंचित् मोठें, हिरवें व खडबडीत सालीचें हें फळ पावसाळ्याच्या उत्तरार्धांत घोसांनीं येतें. वाळलें म्हणजे तपकिरी होऊन तोंड उघडतें. आंतलें काळें चकचकीत बीं टाकून द्यावयाचें आणि टरफल तेवढें ठेवावयाचें. कालवण चुलीवरून उतरण्यापूर्वीं चारसहा टरफलें हलक्या हातानें ठेंचून त्यांत सोडतात. मसाल्याबरोबर बारीक वाटलीं तर कडवटपणा उतरतो. नुसतीं ठेंचून सोडलीं तर नारिंगाच्या सालीसारखा वास दरवळतो आणि जीभ झिणझिणते. बांगड्यासारख्या तेलकट मासळीचा उग्रपणा मोडावयास याच्यासारखा दुसरा उपाय नाहीं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तिरफळ हें लिंबाच्या कुळांतलें; बेल आणि कढीलिंब हे त्याचे भाऊबंद. झाडाच्या खोडावर मात्र असे जाडजूड कांटे असतात कीं, चढणाऱ्यानें आधीं देवाचें नांव घ्यावें.

या फळाचें आणि आमचें प्रकरण अधिक निकडीचें झालें तें आमच्या अक्कामुळें. २०२१ सालच्या साथींत आमची ही वडील बहीण आजारी पडली. ती त्यांतून उठली. पण तिचीं वास आणि चव हीं दोन्ही तेथेंच राहिलीं. पुष्कळांना तीं कांहीं महिन्यांनीं परत मिळालीं. साठी ओलांडलेल्या अक्काला मिळालीं नाहींत. अन्न तिच्या लेखीं ऊन किंवा गार, मऊ किंवा कठीण, एवढेंच उरलें. जिच्या हातच्या कालवणाच्या वासानें शेजारचीं मुलें दारांत उभीं राहत, ती आतां औषध घ्यावें तशी दोन घांस भात घेऊन उठूं लागली. तिचे दंड सैल झालेले आम्हांला दिसत होते. पण याविषयीं बोलावयाचें धैर्य कोणास होत नव्हतें. गेल्या भाद्रपदांत एके दिवशीं तीच आपण होऊन म्हणाली, “अरे, एकदा तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं करा. चव नाही कळली तरी जिभेला चावेल तरी!” तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर अक्कानें खाण्याची कांहीं वस्तु मागितली होती. घरांत तिरफळाचा एक दाणा नव्हता.

आम्ही निघालों. भाट्यांतल्या वाण्यानें मान हलविली. काजळी नदीवरील पूल ओलांडून आम्ही रत्नागिरीच्या बाजारांत शिरलों. राम आळींत एका दुकानदारानें सांगितलें, “पूर्वी ठेवत होतो, सर. आता कोणी मागत नाही.” मारुती मंदिराच्या बाजूस एका मोठ्या, दिव्यांनीं झगमगणाऱ्या दुकानांत गेलों. तेथील तरुणानें आमचें म्हणणें अत्यंत आदरानें ऐकून घेतलें, आंत गेला, आणि त्रिफळाचूर्णाची बाटली घेऊन आला. हिरडा, बेहडा आणि आवळा यांचा आमच्या बांगड्याशीं कांहीं संबंध नाहीं हें त्याला सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, “पण सर, पोटासाठी हे फार चांगलं.” त्याच्याच पाठीमागच्या फळीवर सेचवान चटणीच्या लाल बरण्यांची पलटण उभी होती. गंमत अशी कीं, चीनमधील सेचवान प्रांताची ख्याति ज्या फळामुळें झाली तें तिरफळाचें सख्खें चुलत भावंड. आणि आपल्याकडील त्या नांवाच्या चटणींत मिरची व लसूण भरपूर असते, तें फळ बहुधा नसतेंच. म्हणजे ज्या दुकानांत परक्या चुलत भावाचें नुसतें नांव विकलें जात होतें, तेथें घरच्या भावाला कोणी ओळखीत नव्हतें.

धनजी नाक्याजवळच्या एका जुन्या मसालेवाल्याकडे मात्र बरणी निघाली. आम्हांला हर्ष झाला. एक टरफल दांताखालीं धरलें. लांकडाचा छिलका चावल्यासारखें वाटलें. वास नाहीं, झिणझिणी नाहीं, आणि बियाहि आंत तशाच. म्हातारा दुकानदार प्रामाणिक होता. “दोन-तीन वर्षांचा माल आहे; नेऊ नका,” असें त्यानेंच आम्हांस सांगितलें.

रिकाम्या हातानें परतत असतां आमच्या नेहमींच्या मासळीवालीला आम्हीं हकीगत सांगितली. बांगडे पानांत बांधतां बांधतां ती हसली आणि म्हणाली, “सर, तिरफळ काय दुकानात मिळायची वस्तू आहे? ती मागून आणायची असते. गोळपाकडे जा, तिथे एका आजीच्या परसात झाड आहे.”

या एका वाक्यानें आमच्या डोक्यांत जो प्रकाश पडला तो अर्थशास्त्राच्या पुस्तकांनीं पडला नव्हता. जी वस्तु दुर्मिळ असते ती दुकानांत जाते. जी सर्वांच्या परसांत असते तिला दुकानाची गरज पडत नाहीं. वेलदोडा सर्वांच्या दारांत नव्हता, म्हणून त्याला वाणी मिळाला, तराजू मिळाला, भाव मिळाला. तिरफळाला यांपैकीं कांहींच मिळालें नाहीं, कारण वाडींत कोणाच्या तरी कुंपणाला तें असेच, आणि पसाभर मागितलें तर नाहीं म्हणण्याची रीत नव्हती. पुढें कुंपणें गेलीं, त्यांच्या जागीं चिऱ्यांच्या भिंती आल्या, मुलें मुंबईस गेलीं, कांटेरी झाडावर चढणारा गडी उरला नाहीं, झाड तुटलें. त्या दिवशीं बाजारांत कोणतीहि खळबळ झाली नाहीं, कारण बाजाराला त्याची ओळखच नव्हती. विपुलतेंत वाढलेली वस्तु अशी आवाज न करतां नाहीशी होते.

आमच्याच गांवचें उदाहरण घ्या. भाट्यें येथें १९५५ पासून नारळाचें संशोधनकेंद्र आहे. माडाच्या सावलींत जायफळ, दालचिनी, मिरी यांची लागवड करून बागाइतदाराला चार पैसे कसे मिळतील हें तेथें शिकवितात. कोकमाला २०१६ सालीं आणि हापूस आंब्याला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. याचा आम्हांला अभिमानच आहे. पण ज्याला भाव आहे त्यालाच जतन करणारे भेटतात, आणि तिरफळाला भाव कधीं नव्हता.

दुसऱ्या देशांत या कुळाचा मान पाहिला म्हणजे मन थोडें खट्टू होतें. चीनमध्यें हान घराण्याच्या काळीं सम्राज्ञीच्या महालाच्या भिंतींना लावावयाच्या गिलाव्यांत हें फळ मिसळीत, आणि त्या महालाचें नांवच फळावरून पडलें होतें. अमेरिकेनें १९६८ सालीं या चिनी फळाच्या आयातीवर बंदी घातली. लिंबू-संत्र्याच्या बागांना होणारा एक रोग त्याबरोबर येईल ही भीति होती. फळ तापवून आणण्याच्या अटीवर ती बंदी २००५ सालीं उठली. मध्यंतरीं तेथील चिनी मंडळींनीं आपल्या फळासाठीं किती दुकानें पालथीं घातलीं असतील याची कल्पना आम्हांला आतां चांगली येते. आपल्याकडे तर मिरची ही सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आलेली परकी. तिरफळ येथल्याच जंगलाचें. पण मिरचीनें सारें घर बळकावलें, आणि मूळची सून माजघरांतून मागील दारीं गेली.

गोळपला आम्ही गेलों. आजीबाईंनीं आमचें गांव, घराणें, आमच्या आईचें माहेर इतकी चौकशी केली आणि मग आंत जाऊन वाळत घातलेल्या तिरफळांची ओंजळभर पुरचुंडी आणून दिली. आम्हीं खिशांत हात घातला तशा त्या रागावल्या. “त्याचे कसले पैसे? तुमच्याकडे माड आहेत ना? येताना दोन नारळ आणा.” तेथल्या तेथें एक टरफल आम्हीं तोंडांत टाकलें. आधीं लिंबाच्या पाल्याचा वास, मग किंचित् कडवटपणा, आणि मग ओठांवर नि जिभेच्या टोंकावर मुंग्यांची जत्रा. डोळ्यांत पाणी आलें तें केवळ तिरफळानें असें आम्ही म्हणणार नाहीं.

त्या रात्रीं अक्कानें पहिला घांस घेतला, आणि हात तसाच ठेवून ती थांबली. आम्ही सारे तिच्या तोंडाकडे पाहत होतों. थोड्या वेळानें ती म्हणाली, “मुंग्या आल्या रे!” वास तिला आला नव्हता, मिठाची आणि आमसुलाची चवहि कळली नव्हती, पण जिभेवर कांहींतरी घडत आहे हें तिला समजलें होतें. तिनें आणखी भात मागितला.

याची उपपत्ति आम्हांला पुढें वाचावयास मिळाली. लंडनच्या विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं माणसांच्या ओठांना सेचवानचें फळ लावून पाहिलें आणि ती झिणझिणी किती वेगाची आहे हें बोटावर दिलेल्या कंपनांशीं ताडून मोजलें. सेकंदाला सुमारें ५० कंपनें असा हिशेब निघाला. तात्पर्य असें कीं, या फळांतील द्रव्य स्पर्शाच्या मज्जातंतूंना जागें करतें. त्याचा रस्ता वास आणि चव यांच्या रस्त्याहून निराळा आहे. पुढचे दोन दरवाजे बंद असलेल्या घरांत तें मागच्या दारानें शिरतें. अक्कानें ‘चावेल तरी’ म्हटलें तेव्हां तिला हें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण चाळीस वर्षें चूल सांभाळलेल्या बाईची जीभ हीहि एक प्रयोगशाळाच असते.

तिरफळानें अक्काची चव परत आणली असें कोणी समजूं नये. ती अजून आलेली नाहीं. पण आठवड्यांतून एकदां ती पोटभर जेवते, आणि तिखल्यांत किती टरफलें पडलीं याविषयीं आमच्या सौभाग्यवतीशीं हुज्जत घालते. ती हुज्जत कानीं पडली कीं आम्हांला घर पूर्ववत् झाल्यासारखें वाटतें. पुरचुंडींतल्या कांहीं बिया आम्हीं कुंडींत घातल्या होत्या. या झाडाचें बीं सहजासहजीं रुजत नाहीं. आमच्यांतलें एकहि रुजलें नाहीं. तेव्हां येत्या पावसाळ्यांत गोळपच्या झाडाखालीं आपोआप उगवलेलें रोप मिळतें का तें विचारावयाचें ठरलें आहे. दोन नारळ आम्ही लगेच पोंचविले होते. त्यांच्या बदलीं आजीबाईंनीं फणसाचीं सांडगीं दिलीं, आणि आतां त्यांची परतफेड आमच्याकडे राहिली आहे.