रोपांना देणगी मिळते, राखणीला नाही

डिसेंबरात मोहने-आंबिवलीकडच्या टेकड्यांवरचं गवत वाळतं. मग एखाद्या संध्याकाळी उतारावर लाल रेघ सरकताना दिसते. वणवा आपोआप लागत नाही, माणसाच्या हातून लागतो. नवं गवत फुटावं म्हणून, शिकारीसाठी, राब भाजताना, नाहीतर विडीच्या थोटकानं.

मांगरूळ, तालुका अंबरनाथ. ५ जुलै २०१७ ला हजारो हातांनी एका दिवसात लाखभर रोपं लावली. राज्याचा चार कोटी झाडांचा संकल्प होता ते वर्ष. त्याच डिसेंबरात डोंगर पेटला, हजारो रोपं गेली.

जळालेलं रोप उपटण्याआधी बुंध्याजवळ नखानं खरवडून पाहावं. शेंडा कोळसा झालेला असतो, पण वीतभर खाली कधी कधी हिरवं लागतं. आळं करून पाणी दिलं तर बुडातून फुटतं. पण रोप न् रोप तपासायला माणूस हवा, त्याला मजुरी हवी.

पैसा अडतो तो इथेच. रोपांना देणगीदार मिळतात, जाळरेषेला मिळत नाहीत. पावसाळा सरला की गवत काढून मोकळा पट्टा करायचा, आग तिथे अडते. हे दरवर्षीचं काम. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार २०१४ पासून मोठ्या कंपन्या नफ्याचे २ टक्के समाजकार्याला देतात. त्यांचा हिशेब मार्चअखेर मिटतो आणि डोंगर एप्रिलमध्येही पेटतो. देणाऱ्यांनी निदान तीन उन्हाळ्यांची बोली करावी.

डोंगराखालच्या कातकरी-ठाकूर पाड्यांचं काय जळतं? गुरांचा चारा, सरपण, कुडाला लागणारी कारवी. जळालेल्या कारवीचा पंचनामा झालेला मी तरी पाहिला नाही.

मदत थेटही देता येते. हवाईतल्या माउई बेटावर ऑगस्ट २०२३ मध्ये लाहायना गाव जळालं. टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्री आणि अभिनेता ड्वेन जॉन्सन यांनी १ कोटी डॉलर घालून निधी उभारला आणि घर गमावलेल्या प्रौढांना महिना १,२०० डॉलर थेट दिले. कशावर खर्चायचे ते ज्याचं त्यानं ठरवलं. पाड्यांनाही मदत अशीच मिळावी.

विझवायला आधी धावतात पाड्यावरचीच पोरं, ओल्या फांद्या घेऊन, पायात साध्या चपला. जाड तळव्याचे बूट, पाण्याचे कॅन, दोन ब्लोअर, रात्रपाळीची मजुरी, एवढं त्यांना हवं. त्यासाठी यंदा आमच्या सोसायटीच्या सभेत वर्गणीचा विषय मांडतोय, दिवाळीच्या आत.