अक्षरांचा खर्च

मराठी संकेतस्थळ बांधायला घेतलं की मी आधी फॉन्ट ठरवते. रंग आणि मांडणी मग. गेली काही वर्षं हात बहुधा ‘मुक्ता’कडे जातो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला हा फॉन्ट सात जाडींत मिळतो आणि स्वस्तातल्या मोबाइलवरही जोडाक्षरं गिचमिड होऊ देत नाही. देवनागरीचा एक फॉन्ट म्हणजे शेकडो आकार: जोडाक्षरं, अक्षराच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या वेलांट्या, ‘दऱ्या’तला निराळा र, मराठी वळणाचे ल आणि श. एकेका आकारावर माणसं दिवसचे दिवस घालवतात. तरी मला तो विनामूल्य मिळतो, बदलण्याच्या आणि वाटण्याच्या परवानगीसकट.

खर्च कुणीतरी केलेला असतोच. भारतीय लिपींतले बरेच मुक्त फॉन्ट गूगलच्या पैशावर घडले आणि गूगल फॉन्ट्समुळे सर्वदूर पोचले. 2023 मध्ये गूगलच्या मूळ कंपनीचं तीन-चतुर्थांशाहून अधिक उत्पन्न जाहिरातींचं होतं, आणि वाचकाविषयी जितकं ठाऊक तितका जाहिरातीचा भाव चढा. म्हणजे माझ्या लिपीच्या वळणांना लागलेला पैसा लोकांच्या वाचण्या-शोधण्यावर नजर ठेवून आलेला आहे. तरीही मी त्याचं ऋण मानते. आधीची मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं मला आठवतात: प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, तो उतरवून घेतला नाही तर पानभर रोमन चिन्हांचा गोंधळ, आणि शोधयंत्राला त्यातला एक शब्द वाचता येत नसे. त्यातून युनिकोडने सोडवलं. पण युनिकोडला देखणा चेहरा या फॉन्टनी दिला.

मला खटकते ती पोचवण्याची रीत. गूगल फॉन्ट्स वापरण्याचा सोपा मार्ग म्हणजे पानाच्या कोडमध्ये एक ओळ चिकटवणं. मग वाचकाने पान उघडलं की त्याचा ब्राउझर फॉन्ट मागायला परस्पर गूगलच्या सर्व्हरकडे जातो. सोबत आयपी पत्ता जातो, ब्राउझरची माहिती जाते, आणि सहसा संकेतस्थळाचं नावही. पानाचा पूर्ण पत्ता हल्लीचे ब्राउझर पाठवत नाहीत. पण व्यसनमुक्ती केंद्राच्या किंवा वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्याच्या संकेतस्थळाचं नुसतं नाव पुरेसं बोलकं असतं. या नोंदी जाहिरातींसाठी वापरत नाही आणि फॉन्टसाठी कुकीही ठेवत नाही, असं गूगल सांगतं. ते खरं धरलं तरी माझा प्रश्न उरतो: वाचक माझ्याकडे आला, हे तिसऱ्याला कळवण्याचा अधिकार मला कुणी दिला?

म्युनिकच्या न्यायालयाने 20 जानेवारी 2022 रोजी याच बाबतीत निकाल दिला. संमती न घेता वाचकाचा आयपी पत्ता गूगलकडे जाऊ दिला म्हणून संकेतस्थळ चालवणाऱ्याला 100 युरो भरपाई द्यावी लागली. गूगलशी जोडणी न करताही फॉन्ट वापरता आला असता, असं न्यायालयाने म्हटलं. हे वाक्य थेट आम्हा कारागिरांसाठी आहे.

वेगाची सबबही आता उरलेली नाही. पूर्वी एका संकेतस्थळावर उतरलेला फॉन्ट दुसऱ्यावर आयता वापरला जाई. ऑक्टोबर 2020 मध्ये क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा करायला सुरुवात केली, तीही खासगीपणासाठीच, आणि तो फायदा संपला.

‘ओपन फॉन्ट लायसन्स’नुसार फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतो. मी तसंच करते. फाइल हलकी करताना मात्र डोळ्यांत तेल घालावं लागतं. जोडाक्षरांचे नियम गळले की अक्षरं सुटी पडतात. म्हणून ‘दऱ्याखोऱ्या’, ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’ लिहून बघायचं, आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदवायची, नाहीतर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात.

जाहिरात आली की पाळत आलीच, हे मला मान्य नाही. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून रुजलेली दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातींच्या आधाराने जगत आली. सराफी पेढीने पान घेतलं, सहकारी बँकेने घेतलं. अंक कुणी वाचला, कुठल्या कथेवर रेंगाळला, हे त्यांना कधी कळलं नाही, तरी पानं विकली गेली. ‘रीड द डॉक्स’ आजही या वाटेने जातं: मुक्त सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं मोफत ठेवण्यासाठी पानाच्या विषयाला धरून जाहिरात, वाचकाचा माग न काढता.

जाहिरातीविनाही पैसा उभा राहतो. ‘यशोमुद्रा’ हा मुक्त फॉन्ट राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने झाला. 2024 मध्ये झेरोधाने जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. पण नव्या घडणीला जितक्या सहज पैसा मिळतो, तितक्या सहज डागडुजीला मिळत नाही.

म्हणून माझ्या दरपत्रकात सर्व्हर आणि डोमेनखाली ‘फॉन्ट व मुक्त सॉफ्टवेअर’ अशी ओळ असते. ती रक्कम त्यांची देखभाल करणाऱ्यांकडे जाते. एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलं, “मॅडम, ते तर फुकट आहे ना?” म्हटलं, “घ्यायला फुकट आहे, सर. उद्या नव्या फोनवर जोडाक्षर तुटलं, तर ते दुरुस्त करणाऱ्यालाही घर चालवायचं असतं.” त्यांनी ओळ राहू दिली आणि समितीपुढे ठेवायला फॉन्ट घडवणाऱ्यांची नावं लिहून मागितली.