छोटी ईव्ही का मोठी? तीन महिन्यांच्या वहीचा हिशोब



ऑक्टोबर छाटणीला आज १३ दिवस झाले. वरच्या बागेत पोंगा सुटलाय, खालच्या बागेत अजून डोळे फुगतायत. पहाटे दव पडतंय म्हणून डावणीचा स्प्रे काल संध्याकाळीच उरकून घेतला. बागेची नोंद आज एवढीच. आज गाडीवर लिहितो, कारण गावातला प्रत्येक माणूस एकच विचारतोय, "कोणती ठरली?"

आधी गाडी का, ते सांगतो. नाना, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षापासून डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोनदा नाशिक. आमच्या वस्तीवरून जाऊन-येऊन ७० किलोमीटर. घरात पिकअप आहे, पण चार तास मशीनवर पडून आलेल्या माणसाला पिकअपमध्ये हादरे खात आणणं जमत नाही. पायाला गोळे येतात, बीपी खाली जातं. म्हणून भाड्याची गाडी, एका खेपेला १,५०० रुपये.

इलेक्ट्रिक घ्यायची यावर घरात एकमत होतं. भांडण होतं ते छोटी का मोठी यावर. एका बाजूला टाटाची टियागो ईव्ही, २४ युनिटच्या बॅटरीची. दुसऱ्या बाजूला नेक्सॉन ईव्ही, ४५ युनिटची. आम्हाला मिळालेल्या कोटेशनात छोटी सगळं धरून ११ लाखांच्या आसपास, मोठी १७ च्या. फरक सहा लाखांचा.

पोरगा मोठीच्या बाजूने. "पप्पा, रेंज बघा ना. पुण्याला ताईकडे एका चार्जमध्ये जाता येईल." चुलतभाऊ म्हणाला, "एवढी बाग असून दारात काडेपेटी लावणार का? पोराला स्थळं यायचीत अजून." मला हसू आलं, पण खोटं कशाला बोलू, मनात मोठीच बसली होती.

मी स्प्रेच्या वहीत मागची पानं कोरी ठेवतो. जुलैपासून तिथे रोज लिहीत गेलो: कुठे गेलो, किती किलोमीटर, किती माणसं. सप्टेंबरअखेर बेरीज केली. एकूण ७१ खेपा. त्यात २६ डायलिसिसच्या. ३८ पिंपळगावच्या, म्हणजे औषध दुकान, बँक, मार्केट, २० किलोमीटरच्या आतल्या. पाच खेपा शंभराच्या आसपास. आणि दीडशेच्या वर फक्त दोन! एक पुणे, एक संभाजीनगर.

म्हणजे मोठी बॅटरी मी तीन महिन्यांतल्या दोन दिवसांसाठी घेणार होतो. बाकीचे दिवस ती नुसती ओढत फिरवायची.

आता रेंजचं. छोटी गाडी २०२२ ला आली तेव्हा कंपनीने कागदावर ३१५ किलोमीटर सांगितले होते. मोठीचे सांगतात ४८९. हे आकडे चाचणीचे असतात, आपल्या रस्त्याचे नाहीत. एसी लावून, हायवेला ८० च्या स्पीडने, चार माणसं धरून मी छोटीचे १९० ते २०० पकडले आणि मोठीचे तीनशेच्या थोडे वर. नाशिकच्या एका खेपेला ७०. छोटी फुल चार्ज असली तरी दोन खेपा आरामात होतात.

पण आमच्या घरच्यांनी एक प्रश्न टाकला आणि माझी बेरीज थांबली. "अहो, रात्री दोनला नानांना दम लागला आणि गाडी चार्ज नसली तर? मागच्या पावसाळ्यात डीपी जळाला तेव्हा तीन दिवस लाइट नव्हती." खरी गोष्ट. याचं उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. शेवटी विहिरीवरून सुचलं. विहीर लहान असली तर आपण तळापर्यंत उपसत नाही, राखून उपसतो. तसा नियम केला: वस्तीवर गाडी उभी करताना ५० टक्क्यांच्या खाली असली तर त्याच रात्री लावायची, उद्यावर ढकलायचं नाही. ५० टक्के म्हणजे शंभरएक किलोमीटर. नाशिक गाठून परत येण्याइतके. हा नियम पाळणार नसलो, तर मग मोठीच घ्यायला पाहिजे होती.

पैशाचं बोलतो. चार लाख हातचे घालायचे, बाकी कर्ज पाच वर्षांचं. नऊ टक्के व्याज धरलं तर छोटीला महिना साधारण १४,५०० हप्ता, मोठीला २७,००० च्या जवळ. भाड्याच्या गाडीला तीन महिन्यांत ३९,००० गेले, म्हणजे महिन्याला १३,०००. छोटीचा हप्ता जवळजवळ भाड्याच्या पैशातच बसतो. लाइटचं म्हणाल तर ७० किलोमीटरला दहा युनिट धरा. गाडीमुळे घरचं मीटर वरच्या स्लॅबमध्ये जातं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून युनिटला १५ रुपये धरले. एका खेपेला १५० रुपये.

मोठीचा हप्ता खिशातून जाणार होता. आपला द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि हप्ता दर महिन्याला. मागच्या हंगामात काढणीच्या तोंडावर पाऊस आला, मणी तडकले, अर्धा माल बेदाण्याच्या भावात गेला. तेव्हापासून खालच्या एकरावर प्लास्टिक कव्हर टाकायचं डोक्यात आहे. कोटेशन साडेचार लाखांचं. म्हणजे दोन गाड्यांमधला फरक धरला तर एका एकराचं कव्हर होऊन वर पैसे उरतात.

एवढं असूनही मी मोठीच बुक करायला निघालो होतो. कारण ट्रायल.

ट्रायल मुद्दाम डायलिसिसच्या दिवशी घेतली, नाना थकलेले असतानाच. मोठी गाडी उंच, सीट कमरेला लागते. नाना नुसते मागे टेकले आणि बसले. छोटीत मात्र खाली बसावं लागलं आणि उतरताना उठताच येईना. माझ्या खांद्याला धरून, दोनदा प्रयत्न करून उतरले. ते बघितलं आणि म्हणलं, जाऊ दे सहा लाख.

संध्याकाळी ओट्यावर नानांनी हाक मारली. म्हणाले, "कव्हरचं काय झालं?"
मी म्हणलं, "पुढच्या वर्षी बघू."
"ही बाग मी लावली. तडकलेले मणी मी बघितले. माझ्यासाठी सहा लाखाची उंची नको घेऊ. उतरताना हात देशील का नाही?"
"देईन की."
"मग झालं."

मी काही बोललो नाही. उठून बागेत चक्कर मारून आलो.

दुसऱ्या दिवशी छोटी बुक केली. नानांच्या सीटवर गोधडीची घडी टाकून बघितली, चार बोटं उंची वाढते. आणि गाडी ओट्याला लावून उभी केली की उतरणं बरंच सोपं जातं. मोठीइतकं नाही. तेवढी कसर राहणार, ती मान्य करूनच घेतोय. पुण्याला जाताना वाटेत तासभर फास्ट चार्जिंगला थांबावं लागेल, तेही मान्य.

कोणी वस्तीवर ईव्ही घेणार असेल तर तीन गोष्टी आधी बघा.

एक, अर्थिंग. अर्थिंग नीट नसली तर चार्जर गाडीला करंटच देत नाही. आमच्या वायरमनने फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावला तर तो मिणमिणला. मग सहा फूट खड्डा, प्लेट, मीठ-कोळसा, आणि चार्जिंगसाठी वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी टाकला. मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर गाडी लावू नका. शेतीपंपाच्या कनेक्शनवर तर नाहीच, ते पंपासाठी असतं आणि त्याची लाइट पाळीने येते.

दोन, रस्ता. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. ट्रायलची गाडी पाच माणसं बसवून वस्तीपर्यंत आणा. आमच्या पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा पाइपलाइनपाशी घासला. तिथे सात ट्रॉल्या मुरूम टाकून रोलर फिरवला.

तीन, वही. तीन महिने लिहा आणि मग शोरूमला जा. तुमच्या वहीत लांबच्या खेपा जास्त निघाल्या तर खुशाल मोठी घ्या, माझं बघून छोटी घेऊ नका.

गाडी पाडव्याच्या आसपास मिळेल असं म्हणतायत. कव्हरवाला सोमवारी माप घ्यायला येतोय. नानांनी त्याला सकाळी लवकर बोलावलंय, कारण मंगळवारी डायलिसिस आहे आणि मापाच्या वेळी त्यांना स्वतः बांधावर उभं राहायचंय.