राष्ट्रीय पोशाख

माणसाने नटायचं कधी, याबद्दल आमच्या मंचर-नारायणगाव पट्ट्यात फारसे मतभेद नाहीत. लग्नात नवरा-नवरी नटतात, जत्रेत बैल नटतात. बाकीच्यांनी धुतलेले कपडे घातले की समाजाची तक्रार नसते. त्यातही बैलाचं बरं असतं. त्याच्या अंगावर झूल पडते, शिंगांना गोंडे बांधले जातात आणि ‘पोट दिसतंय का हो?’ असं त्याला कुणाला विचारावं लागत नाही. अशा मुलखात अडुसष्ट वर्षं काढलेल्या माणसाला भर समुद्रात, रात्री आठ वाजता, नुसतं जेवायला बसण्यासाठी नटावं लागतं हे कळलं, तेव्हा त्याची जी अवस्था झाली ती सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

त्याचं असं झालं, की सिअ‍ॅटलला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी आम्हां उभयतांना बोटीतून अलास्का दाखवायचं ठरवलं. सात रात्रींची सफर. बर्फाचे डोंगर, देवमासे वगैरे. माझा त्याआधीचा जलप्रवास म्हणजे डिंभ्याच्या धरणात एकदा होडीत बसलो होतो तेवढाच. तिथे पोशाखाचा नियम एकच होता : पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्या.

एका रविवारी चिरंजीवांचा फोन आला.

“बाबा, दोन फॉर्मल नाइट्स आहेत हं.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्या दोन रात्री मोठ्या हॉलमध्ये जेवायचं तर सूट लागतो, नाहीतर टक्सीडो. जीन्स, हाफ पँट, स्लीपर चालत नाहीत.”

“आणि सूट नसला तर उपाशी ठेवतात?”

“नाही हो. वरच्या मजल्यावर बुफे असतो. तिथे काहीही घालून गेलं तरी चालतं.”

“एवढे पैसे भरून पंगतीतून उठवतात?” ही स्वयंपाकघरातून म्हणाली. हिला फोनवरचं ऐकू येण्यासाठी फोनजवळ असावं लागत नाही.

सूट माझ्याकडे होता. १९८४ च्या मे महिन्यात सासऱ्यांनी मानपानात दिलेला, मंचरच्या टेलरने शिवलेला, चॉकलेटी रंगाचा टेरीवूलचा सूट. साडेबाराच्या मुहूर्तावर, पत्र्याच्या मांडवात तो घालून उभा होतो तेव्हा मला असा घाम फुटला होता, की भटजींना वाटलं नवराच रडतोय. पुढे त्या सुटाने चिरंजीवांच्या शाळेत दोनदा वकिलाचं काम केलं आणि मग तो ट्रंकेत निवृत्त झाला. आता काढून घालून पाहिला. कोट उभ्याने बसत होता; बसल्यावर बसत नव्हता. पँटने तर चाळीस वर्षांच्या संसाराकडे एकवार पाहिलं आणि कमरेच्या अलीकडेच हात टेकले.

मग टक्सीडो. चिरंजीवांनी भाड्याने मिळणाऱ्या एकाचा फोटो पाठवला. निवृत्त बँक कर्मचाऱ्याला कुठलीही गोष्ट मूळ कागदपत्रांपर्यंत नेल्याशिवाय चैन पडत नाही. मी खोलात गेलो. १८६५ च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाने, पुढच्या सातव्या एडवर्डने, घरगुती जेवणाला ऐसपैस बसता यावं म्हणून लांब शेपटांऐवजी एक आखूड कोट शिवून घेतला. म्हणजे हा मुळात युवराजाचा घरात घालायचा सदरा! अमेरिकेत एका वस्तीच्या नावावरून त्याचं टक्सीडो असं बारसं झालं. आणि त्याच्या आत पोटाला जो काळा रेशमी पट्टा बांधतात, तो तर आपला कमरबंद. हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यात जाकिटाने जीव नकोसा झालेल्या साहेबांनी तो इथूनच उचलला. थोडक्यात, साहेबाचा घरचा कोट आणि आमचाच पट्टा, आणि तो घातल्याशिवाय आम्हालाच जेवायला वाढणार नाहीत!

“जास्त विचार करू नये,” मी हिला म्हणालो. “१८८८ साली गांधीजी विलायतेला निघाले. बोटीवर काळा सूट घातला आणि पांढरा फ्लॅनेलचा उतरताना घालायला राखून ठेवला. सप्टेंबरअखेर साउदॅम्प्टनला उतरले, तर पांढऱ्या कपड्यातले ते एकटेच. स्वतःच लिहून ठेवलंय.”

“आणि त्याच्या पाच वर्षं आधी आनंदीबाई जोशी लुगडं नेसून अमेरिकेला गेल्या,” ही म्हणाली. “मी येवल्याची पैठणी नेसणार. तुमचं तुम्ही बघा.”

बायकांचा प्रश्न असा दोन वाक्यांत सुटतो.

माझा सुटला तो बोटीच्या नियमांतल्या शेवटच्या ओळीने. चिरंजीवांनी ती नंतर कळवली : राष्ट्रीय पोशाखही चालेल. यात हसण्यासारखं काही नाही. क्लबात वेष्टी नेसून जाता यावं म्हणून तामिळनाडूला २०१४ साली खास कायदा करावा लागला होता. इथे बोटवाल्याने एका ओळीत परवानगी दिली होती. पण माझा राष्ट्रीय पोशाख कुठला?

“बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी,” ही म्हणाली.

मी मात्र ट्रंकेकडे पाहत होतो. सुटाच्या खाली, डांबरगोळ्यांच्या वासात, नानांचा फेटा होता.

नाना म्हणजे माझे वडील. धोतर, काळं जाकीट आणि पांढरा फेटा. तो फेटा ते रोज सकाळी बांधत, आरसा न बघता, दुसऱ्या कुणाशी तरी कांद्याच्या भावाबद्दल बोलत. १९८१ साली मी पुण्यात एका बँकेत नुकताच चिकटलो होतो. साहेबांच्या बढतीनिमित्त एका मोठ्या हॉटेलात जेवण होतं, आणि नेमके त्याच संध्याकाळी नाना बाजरीचं गाठोडं घेऊन खोलीवर हजर. मी म्हणालो, “नाना, तिथं सगळे सूटबूटवाले असतात. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल.”

अवघडल्यासारखं कुणाला होणार होतं ते त्यांना बरोबर कळलं. “बरं,” म्हणाले. “पर हितं एकटा बसून काय करू? येतो बरुबर. भाईर बसतो.”

आणि खरंच बसले. मी आत दोन तास काट्याने भात उचलत होतो. बाहेर आलो तर नाना दरवानाशेजारी स्टुलावर. परतताना वाटेत म्हणाले, “तुमच्या हाटेलात फेटा बांधलेला गडी एकच दिसला. दारावरचा. त्यालाबी बांधता येत न्हवता. टाचण्या लावल्या व्हत्या. म्या बांधून दिला.” आणि खोलीपर्यंत हसत राहिले. मीही हसलो. त्या हसण्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

तर, फेटा होता. बांधता येत नव्हता. हल्ली आमच्याकडच्या लग्नांत मांडवाच्या दारातच फेटे बांधणारा उभा असतो. रांगेत आलेल्या डोक्याला तो एका मिनिटात राजबिंडं करून पुढे ढकलतो. नारायणगावच्या एका अशा कलाकाराला गाठलं. तो म्हणाला, “काका, दुसऱ्याच्या डोक्यावर शिकवतो. स्वतःच्या डोक्यावर मलाबी येत नाही.” तयार शिवलेला फेटा टोपीसारखा घाला, असंही त्याने सुचवलं. पण तो फेटा नव्हे, फेट्याचा पुतळा. शेवटी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडल्या होत्या, तिथल्या एका म्हाताऱ्या सोंगाड्याने माझी शिकवणी घेतली. त्याचा एकच मंत्र : “आरशात बघू नका. आरसा उलटं दाखवतो.”

बोटीवरची आमची खोली म्हणजे एस.टी.च्या कंट्रोल केबिनला न्हाणीघर जोडावं तशी. आठ-नऊ मीटरचा फेटा तिथे उलगडणार कुठे? दार उघडून मी तो बाहेरच्या बोळात सोडला. आमची खोली झाडणारा पोरगा गोव्याचा होता. त्याने काही न विचारता दुसरं टोक धरलं आणि पीळ देत देत माझ्याकडे येत राहिला. पहिला प्रयोग पाहून हिने विचारलं, “डोक्याला लागलं का?” दुसऱ्यात डावा डोळा झाकला गेला. सहाव्या वेळी मी आरसा सोडला, त्या पोराला गोव्यात कांदा काय भावाने मिळतो ते विचारलं, आणि फेटा बसला. म्हणजे नानांसारखा नव्हे. पण फेटाच आहे, जखम नव्हे, हे लांबून ओळखू येण्याइतका.

पांढरा झब्बा, काळं जाकीट, फेटा. शेजारी पैठणी. लिफ्टजवळ चिरंजीव उभे होते. काळा टक्सीडो, गळ्यात बो, पोटावर आमचा कमरबंद. त्यांनी आधी आईकडे पाहिलं आणि खूश झाले. मग माझ्याकडे पाहिलं. मग लिफ्टच्या बटणांकडे.

“बाबा,” अगदी मऊ आवाजात ते म्हणाले, “आज आपण वर बुफेलाच जाऊया का? नाही, म्हणजे... तुम्हाला अवघडल्यासारखं होईल.”

शब्दसुद्धा तोच! मला राग यायला हवा होता. पण स्वतःचाच आवाज चव्वेचाळीस वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आला की माणूस आधी दचकतो. मी ‘बरं’ म्हणणारच होतो.

“तुम्ही दोघं जा बुफेला,” ही म्हणाली. “मी एवढ्या निऱ्या घालून थाळी हातात घेऊन रांगेत उभी राहणार नाही.” आणि खालचं बटण दाबलं.

दारावरच्या माणसाने खुर्ची ओढून दिली, एवढंच झालं. कुणी काही विचारलं नाही. आमच्या टेबलावर एक वृद्ध स्कॉटिश जोडपं होतं. गृहस्थांनी चौकड्यांचा घागरा घातला होता. दोन राष्ट्रीय पोशाखांनी एकमेकांना नमस्कार केला. त्यांच्या राष्ट्राला खालून गार लागत होतं, माझ्या राष्ट्राला वरून उकडत होतं. त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही? मी बँकेतल्या इंग्रजीत सांगितलं, की जुन्नरजवळचे. आणि आमच्या तिथे लेण्यांत कोरून ठेवलंय, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला. तेव्हा परदेशी माणसाने जेवणाची जागा करून देणं आम्हाला नवीन नाही. फक्त तिथे जेवणाऱ्यांकडे तीनच चीवरं असत, फॉर्मल नाइटलाही तीच. गृहस्थ इतके हसले, की त्यांच्या बायकोने त्यांचा घागरा सावरला.

चिरंजीवांनी मान वर केली. “हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“तू कधी फेट्यात भेटलास?” मी म्हणालो, आणि सुपाकडे वाकलो.

वाकायला नको होतं. मागून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि शेमला पाठीवरून पुढे येऊन टोमॅटोच्या सुपाला टेकला. नेमका त्याच क्षणी बोटीचा फोटोग्राफर आमच्या टेबलाशी येऊन “स्माइल!” म्हणाला. हिने स्माइल केलं. पैठणीचा पदर तिने कधीच नीट लावून ठेवला होता. मी दोन्ही हात सुपातून फेटा काढण्यात गुंतवलेले. डोक्यावरचा डोलारा डावीकडे निघाला. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी तो डोलारा वरून घट्ट दाबून धरला.

“हलू नका नाना,” चिरंजीव म्हणाले. मला ते कधीच नाना म्हणत नाहीत. माझ्या वडिलांना म्हणायचे, लहानपणी.

तो फोटो बोटवाल्यांनी बराच महाग विकला. हिने भाव न करता घेतला. दुसऱ्या फॉर्मल नाइटला आम्ही बुफेला गेलो, कारण फेटा वाळत घातला होता. टोमॅटोचा डाग निघाला नाही. नारायणगावच्या टोमॅटोचा असता तर निघाला असता, असं हिचं मत.

आता तो फोटो मंचरला दिवाणखान्यात, नानांच्या फोटोशेजारी आहे. फोटोत ही राणीसारखी दिसते. मी ओरडत असल्यासारखा दिसतो. आणि माझ्या डोक्यावर, फेट्याच्या वर, काळ्या बाहीतून आलेली फक्त चार बोटं आणि एक मनगट आहे. येणारा प्रत्येक पाहुणा आधी पैठणीचं कौतुक करतो, मग जवळ जाऊन, चष्मा वर करून विचारतो,

“आणि हा हात कुणाचा हो?”