चौकीत लपलेला चोर

टीबी आपल्याकडे अजूनही कुजबुजत सांगितला जातो. मधुमेह असला तर आपण पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून जिलबी नाकारतो. टीबी झाला की मात्र "छातीत जरा कफ साठलाय" एवढंच. गेल्या वर्षी खजरान्यातल्या आमच्या एकत्र घरात काकूला फुप्फुसाचा टीबी निघाला. मी कॉम्प्युटरचा बीई, बायॉलॉजी दहावीनंतर सुटलेली. पण त्या सहा महिन्यांत मी या जंतूबद्दल हट्टानं वाचलं. तो शरीरात कसा लपतो हे कळल्यावर घरातली लपवाछपवी किती महाग पडते तेही कळलं, म्हणून मंडळाच्या तरुण वाचकांसाठी हे लिहितो आहे.

कोणी रुग्ण खोकला की हवेत बारीक थेंब उडतात. त्यातले अगदी सूक्ष्म थेंब श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथे पहारा असतो मॅक्रोफेज नावाच्या पेशींचा. आपण त्यांना भक्षक पेशी म्हणू. बाहेरचा जंतू दिसला की त्याला गिळायचं, पोटातल्या एका पिशवीत बंद करायचं, मग आम्ल आणि पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी त्या पिशवीला जोडायची आणि जंतू विरघळवून टाकायचा, हे त्यांचं काम. बहुतेक जंतू असेच संपतात.

टीबीचा जंतू मात्र गिळला जाण्याचीच वाट बघत असतो. त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं. पिशवीत गेल्यावर तो अशी रसायनं सोडतो की पाचक रसाची पिशवी त्याच्या पिशवीला जोडलीच जात नाही. म्हणजे चोर पोलीस चौकीत शिरतो आणि तिथेच बिऱ्हाड थाटतो. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हायरस अँटिव्हायरसच्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतो.

मग शरीर दुसरा उपाय करतं. या पेशीभोवती इतर पेशी जमतात आणि एक गाठ तयार होते. आत कोंडलेला जंतू मरतोच असं नाही. तो आपलं कामकाज मंद करतो आणि वर्षानुवर्षं, कधी कधी अनेक दशकं, पडून राहतो. या अवस्थेत माणूस आजारी नसतो, दुसऱ्याला संसर्गही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे. त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी आजार होतो. काकूला मधुमेह आहे, आणि मधुमेहात हा धोका दोन-तीन पट वाढतो. जंतू तिच्याकडे कधी आला, कुठून आला, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. ती मात्र महिनाभर आठवत बसली होती, की आपण कोणाच्या घरी काय खाल्लं. टीबी ताट-वाटीतून पसरत नाही हे सांगूनही तिनं आपलं ताट वेगळं काढलंच.

प्रतिकारशक्ती ढिली पडली की जंतू बाहेर पडायची तयारी करतो. तो काही प्रथिनं सोडतो, त्यांनी आधी पिशवीचं आवरण फाटतं आणि पुढे पेशीच मरते. मोकळे झालेले जंतू शेजारच्या भक्षक पेशी गिळतात आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. गाठीचा मधला भाग चीजसारखा मऊ होतो, त्यात पोकळी पडते आणि ती श्वासनलिकेत उघडते. मग खोकल्याबरोबर जंतू पुढच्या घरी. आपल्याला जन्मतः देतात ती बीसीजी लस म्हणजे गाईच्या टीबीचा दुबळा केलेला जंतू. काल्मेट आणि गेरँ यांनी तो १९०८ पासून १३ वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवला. त्या काळात तो सुटकेची प्रथिनं बनवणारी जनुकंच गमावून बसला, हे पुष्कळ नंतर कळलं.

हा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. पुढच्या पाच वर्षांतच आपल्या आनंदीबाई जोशी गेल्या. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर होऊन परतल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही झाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्यांचा मृत्यू झाला. वय पुरतं २२ही नव्हतं. शत्रू कोण ते कळलं होतं, औषध नव्हतं. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. आज औषध आहे आणि सरकारी केंद्रावर ते फुकट मिळतं.

पण ते सहा महिने घ्यावं लागतं, आणि आमच्या घरी गाडी तिथेच अडली. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांत काकूचा खोकला थांबला, वजन वाढलं. "अरे, आता ताप नाही, खोकला नाही. कशाला या गोळ्यांनी पोट जाळून घेऊ?" असं ती म्हणू लागली. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी होते, त्याचीही तिला धास्ती होती. मी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. वेगानं वाढणारे जंतू पहिल्या दोन महिन्यांत मरतात. जे झोपलेत त्यांच्यावर औषध हळू चालतं. मध्येच सोडलं तर तेच उठतात, आणि तेव्हा नेहमीची औषधं चालतीलच याची खात्री नसते.

काकूच्या मनात खरं कारण वेगळं होतं. चुलत बहिणीला देवासचं स्थळ आलं होतं. पाहुणे येतील, गोळ्यांची पाकिटं दिसतील, आशाताई विचारपूस करायला दारात उभ्या राहतील, याची तिला भीती होती. "एवढं लग्न होऊ दे, मग सांगू," काका म्हणाले. बहीण ताडकन म्हणाली, "आईचा आजार लपवून मी त्या घरात जायचं? उद्या तिथे मला खोकला झाला तर मीही लपवायचा?" तिनं स्वतःच फोन करून त्यांना सांगितलं. पलीकडून छान बोलणं झालं आणि पुन्हा फोन आला नाही.

काकू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र ती सगळ्यांसमोर, डायनिंग टेबलावर गोळ्या घेऊ लागली. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिला आजार नव्हता, पण पाच वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त, म्हणून तिलाही सहा महिने प्रतिबंधक आयसोनियाझिड दिलं. रोज सकाळी आजी आणि नात बरोबर औषध घ्यायच्या. मंदिराच्या गर्दीचा बुधवार असो की सण, चुकवलं नाही.

गल्लीत बातमी पसरलीच. काही जणी यायच्या बंद झाल्या. पण समोरच्या खाला एका दुपारी आल्या आणि हळूच विचारलं, "वो बलगम की जाँच कहाँ होती है?" त्यांचा मुलगा महिनाभर खोकत होता. त्याला टीबी निघाला, औषध लगेच सुरू झालं. आम्ही गप्प बसलो असतो तर त्या कोणाला विचारणार होत्या?

काकूचा कोर्स पूर्ण झाला, थुंकीची तपासणी स्वच्छ आली. बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि आईला टीबी होऊन गेला हे पहिल्याच भेटीत सांगायचं असं तिनं ठरवलंय.

तुमच्या घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी ताप येत असला, वजन उतरत असलं, तर थुंकी तपासून घ्या. सीबीनाट तपासणीत सुमारे दोन तासांत जंतू आहे का आणि मुख्य औषध त्यावर चालेल का, दोन्ही कळतं. उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी सरकार दरमहा १,००० रुपये देतं, तेही घ्या. लाजू नका. लपून राहणं हे त्या जंतूचं काम आहे, आपण त्यात त्याला मदत करायची नाही.