खरेदीखतातील एक रकाना

म्हातारपणी नातवंडांजवळ राहावे, एवढ्या साध्या इच्छेने आम्ही पोर्तुगालातील पोर्तो शहरी दोन खोल्यांची जागा घेण्याचे ठरविले. चिरंजीव तेथेच असतात. दलाल, दस्त आणि मुद्रांक या त्रयीशी पुण्यात एकदा झटापट झालेली असल्यामुळे कागदपत्रांचे भय आम्हांस नव्हते. प्रथम तेथील करखात्याचा नऊ आकडी क्रमांक मिळविला. प्रत्यक्ष जाणे घडणार नव्हते, म्हणून मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केले. त्यावर नोटरीची सही, राज्य सरकारचा शिक्का आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ चढले. भारत २००५ साली त्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यापासून वकिलातीची पायरी चढावी लागत नाही. विसाराचा तिकडचा नियम तर आम्हांस फारच आवडला: घेणारा फिरला तर विसार बुडाला, देणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करावयाचा.

अडखळलो ते एका रकान्यापाशी. खरेदीदार विवाहित असल्यास पती-पत्नीची मिळकत सामाईक की वेगळी, हे लिहिल्यावाचून तेथे खत पुरे होत नाही. मडगावच्या आमच्या व्याह्यांनी याचे उत्तर क्षणात दिले असते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेचा वारसा अद्याप चालू आहे. लग्नापूर्वी निराळा करार केला नसेल तर दोघांची मिळकत सामाईक धरतात. आमच्या हिंदू विवाह कायद्यात अशी व्यवस्थाच नाही. तेव्हा तेथील वकिलांच्या सांगण्यावरून आम्ही लिहिले, ‘वेगळी’.

आमच्या कुटुंबाने तो मसुदा वाचला आणि हसून म्हटले, “म्हणजे ४१ वर्षे आपण वेगळेच होतो तर!”

आम्हीही हसलो. पण त्या रात्री पुण्याच्या घराचे खत काढून पाहिले. त्यावर एकट्या आमचेच नाव होते. त्या घराच्या पायात तिच्या चार पाटल्या गेल्या आहेत, याची नोंद कोणत्याच रकान्यात नव्हती. आणि हे आम्हांस एका परक्या देशाने विचारावे लागले!

पोर्तोची जागा दोघांच्या नावे झाली. मागोमाग आम्ही पुण्यातील दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेलो आणि राहत्या घराचा अर्धा हिस्सा तिच्या नावे करून दिला. त्या दस्ताला ‘बक्षीसपत्र’ म्हणतात. तो शब्द आम्हांस खटकला, कारण देणे फेडण्याला कोणी बक्षीस म्हणत नाही. पण कारकुनाकडे दुसरा शब्द नव्हता. आम्ही सही केली.