मानेतला शेजार

जर्मनीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करू लागले आणि माझ्याकडे सगळ्यांत जास्त येऊ लागल्या त्या दुखऱ्या माना. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'हावेएस-झिंड्रोम' एवढंच असतं, म्हणजे मानेच्या मणक्यांची तक्रार. पुढचं शोधायचं ते बोटांनी.

शरीररचना मी महाराष्ट्रात शिकले. विच्छेदनाच्या टेबलावर आम्ही एकेक थर काढत आत जायचो. आधी त्वचा, मग ट्रॅपेझिअस, मग त्याखालचे स्नायू. नसांपर्यंत पोचेतो वरचं सगळं बाजूला झालेलं असायचं. कोण कोणाला खेटून आहे, हे एका नजरेत कधी दिसलंच नाही.

ते दिसलं गुबेनला. पोलंडच्या सीमेवर, नीसे नदीकाठच्या या गावात एका जुन्या कापड कारखान्यात शरीररचनाशास्त्रज्ञ गुंथर फॉन हागेन्स यांनी २००६ साली 'प्लास्टिनारियम' हे जतन केलेल्या देहांचं प्रदर्शन उघडलं. देह टिकवायची ही प्लास्टिनेशनची पद्धत त्यांनी १९७७ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात शोधली. खाटकाच्या दुकानातलं हॅम कापायचं यंत्र पाहून अवयवांचे काप करायचं सुचलं, असं ते सांगतात. गोठवलेल्या देहाचे करवतीने पातळ काप करतात. अ‍ॅसिटोन त्यातलं पाणी आणि चरबी काढून घेतं. मग निर्वात पेटीत अ‍ॅसिटोन उडून जातं आणि त्याच्या जागी रेझिन शिरतं.

मी थबकले मानेच्या तळाच्या आडव्या कापापाशी. मागे नुसते स्नायू. मध्ये मणका, त्याच्यापुढे अन्ननलिका, मग श्वासनलिका. बाजूला कॅरोटिड धमनी, तिच्या बाहेरून जुग्युलर शीर, दोघींच्या मागच्या बेचक्यात व्हेगस नस. आणि पुढच्या व मधल्या स्केलीन स्नायूंच्या अरुंद फटीतून हाताकडे निघालेल्या नसा. जरा खाली हाताची धमनीही याच फटीतून जाते. हे दोन स्नायू आवळले, तर हाताला मुंग्या का येतात, हे मला कोणी वेगळं सांगायला नको होतं.

हे दोन्ही स्केलीन स्नायू खाली पहिल्या बरगडीला जोडलेले असतात. उथळ श्वास घेणाऱ्यांचे हे स्नायू बरगडी वर ओढत दिवसभर राबतात. म्हणून हल्ली मी मानेला हात लावण्याआधी श्वास पाहते. "दुखतेय मान, आणि तुम्ही छाती काय बघताय?" एखाद्या आजी वैतागून विचारतात. मी त्यांचीच बोटं कॉलरबोनच्या वर टेकवते आणि सांगते, "आता श्वास घ्या, आणि बोटांखाली कोण ताठ होतंय ते तुम्हीच सांगा."